पार्सल पोचवणाऱ्यांची युनियन: ‘पार्टनर’ म्हणून राबणाऱ्यांनी नोंदणी, पुरावा आणि वाटाघाटी कशा कराव्यात

हबवर, म्हणजे पार्सलं जिथून वाटायला निघतात त्या केंद्रावर, युनियनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आम्ही कंपनीचे नोकरच नाही, कागदावर आम्ही ‘पार्टनर’, नाहीतर वेंडरची पोरं, मग युनियन कसली काढणार? उत्तर सरळ आहे: युनियन नोंदवण्यासाठी आधी नोकर ठरावं लागत नाही.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची जागा तिने घेतली. या संहितेत युनियनच्या प्रकरणापुरती ‘कामगार’ची व्याख्या रुंद आहे. धंद्यात किंवा उद्योगात कामाला असलेली कोणतीही व्यक्ती तिच्यात येते, आणि असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायदा, २००८ मधला असंघटित कामगारही येतो. त्या २००८ च्या व्याख्येत स्वयंरोजगार करणारा धरलेला आहे. म्हणजे ‘तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात’ हे कंपनीचं म्हणणं शब्दशः मान्य केलं, तरी युनियनचं दार उघडंच राहतं.

आपण कामगार की कंत्राटदार, हा दावा मात्र वेगळा आहे आणि तो वर्षानुवर्षं चालतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी माणसं जोडा आणि युनियन नोंदवा, त्याच वेळी पुरावा साठवत राहा, मग मागणीपत्र द्या, आणि दर्जाचा दावा सगळ्यात शेवटी लावा. बरेच गट नेमके उलटे जातात. दोघा-तिघांचे आयडी ब्लॉक होतात, रागाच्या भरात वकील गाठला जातो आणि पहिल्याच तारखांना ‘मालक-नोकर नातं आधी सिद्ध करा’ इथे गाडी रुतते. तोवर ॲप बंद झालेलं असतं आणि पुरावा ॲपमध्येच राहिलेला असतो.

आपण नेमके कोणाचे, हे आधी तपासा

एकाच हबवर चार तऱ्हेची माणसं शेजारी शेजारी उभी राहून स्कॅन मारत असतात. काही कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या पटावर असतात. काही मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर असतात. पगारपत्रकावर एजन्सीचं नाव आणि अंगात कंपनीचा टी-शर्ट. तिसरी तऱ्हा वेंडरची किंवा फ्रँचायझीची: कंपनी एका भागाची डिलिव्हरी स्थानिक मालकाला देते, तो वीस-पन्नास पोरं ठेवतो आणि पार्सलमागे इतके रुपये असा हिशोब करतो. चौथी थेट ॲपवर नोंदलेली, स्वतःची गाडी आणि स्वतःचं पेट्रोल घालून काही तासांचा ब्लॉक घेणारी. ॲमेझॉन फ्लेक्स हा असा प्रकार भारतात २०१९ पासून आहे.

एजन्सीच्या आणि वेंडरच्या माणसांना कोणीतरी मालक नक्की असतो, वाद एवढाच की खरा मालक कोण. ॲपवाल्यांच्या बाबतीत मालकच नाही असं कंपनी सांगते. या दोन भांडणांना लागणारा पुरावा वेगळा असतो, म्हणून प्रत्येक सभासदाचा प्रकार यादीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवा.

प्रकार ओळखायला चार कागद पुरतात. बँकेच्या पासबुकात पैसे कोणाच्या नावाने जमा होतात ते बघा. पीएफचं पासबुक काढा. त्यात आस्थापनेचं नाव असतं आणि दर महिन्याची रक्कम खरंच भरली गेली का तेही दिसतं. आयकर पोर्टलवर २६एएस काढा. पैसे पगार म्हणून दिले की कंत्राटदाराचं बिल म्हणून, आणि कर कापणारी संस्था कोण, हे तिथे कळतं. एकट्या व्यक्तीला कंत्राटदार धरून पैसे दिले की साधारण १ टक्का कपात दिसते. चौथा कागद म्हणजे ॲपमध्ये ‘मान्य’ दाबून स्वीकारलेला करार. तो डाउनलोड होत नसेल तर पानापानाचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात वाद झाल्यास लवाद कुठल्या शहरात चालणार, दर एकतर्फी बदलता येतात का, आणि आयडी बंद करायला कारण लागतं का, ही तीन कलमं आधी शोधा.

पीएफ २० माणसांपासून आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १० माणसांपासून लागू होतं. ईएसआय दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू होतं. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. मर्यादा टाळायला काही वेंडर एकाच धंद्याचे दोन-तीन तुकडे पाडतात, एक स्वतःच्या, एक बायकोच्या, एक भावाच्या नावाने. हब तेच, टीएल (टीम लीडर) तोच, गाड्या त्याच. हे तुकडे एकच आस्थापना म्हणून जोडा, अशी मागणी पीएफ कार्यालयाकडे करता येते, आणि त्यासाठी हबवरची एकत्र हजेरी हा उत्तम पुरावा.

वेंडरने पैसे बुडवले तर पुढे काय, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंत्राट देणाऱ्या कंपनीवर, येते. त्याने ते कंत्राटदाराकडून नंतर वसूल करावं. ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो. ‘तुमचा परवाना क्रमांक काय?’ एवढा एक लेखी प्रश्नही पुष्कळदा थकलेले पैसे मोकळे करतो.

पुरावा: रोज पाच मिनिटं

नातं खरं काय आहे हे न्यायालय करारातल्या शब्दांवरून ठरवत नाही, कामाच्या पद्धतीवरून ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या खटल्यात कसोट्या मांडल्या: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तीची कारवाई कोण करतो, सेवा अखंड आहे का, आणि नियंत्रण कितपत, म्हणजे फक्त काय करायचं ते सांगतात की कसं करायचं तेही. त्याआधी १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात नगावर पैसे घेणारे शिंपी कामगार ठरले होते. पार्सलमागे दर मिळतो म्हणून आपण आपोआप कंत्राटदार ठरतो, हा समज तिथेच गळून पडतो. १९७८ च्या हुसैनभाई खटल्यात दोरखंडाच्या कारखान्यातले कामगार मधल्या कंत्राटदारांनी आणलेले होते. ज्याच्या हाती कामगाराच्या पोटापाण्याची दोरी तो खरा मालक, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या कसोट्या डिलिव्हरीच्या कामावर लावल्या की जमा करायच्या गोष्टींची यादी आपोआप तयार होते. आयडी कोणी दिला आणि कोण बंद करतो? रूट आणि पार्सलचा क्रम ॲप ठरवतं की तुम्ही? स्टॉप वगळला तर काय होतं? टी-शर्ट, बॅग, ओळखपत्र कोणाचं? दर ठरवताना कधी विचारलं का? नकार दिला तर दुसऱ्या दिवशी काम कमी येतं का? आणि सगळ्यात टोकदार प्रश्न: तुमच्या जागी चुलतभावाला पाठवता येतं का? स्वतंत्र कंत्राटदार आपला माणूस पाठवू शकतो. तुमच्याकडे रोज सेल्फी काढून हजेरी लावावी लागत असेल, तर तो सेल्फीचा पडदाच जपून ठेवा.

वेंडर बदलला आणि माणसं तीच राहिली, तर तो दुर्मीळ आणि भक्कम पुरावा समजा. तीन वर्षांत तीन वेंडर, पण हब, रूट आणि पोरं तीच, हे दाखवता आलं तर मधला माणूस केवळ नावापुरता आहे असं म्हणायला जागा मिळते. म्हणून जुन्या वेंडरच्या काळातले पासबुक, गटावरचे मेसेज, जुनं ओळखपत्र फेकू नका. वेंडर बदलताना ‘फुल अँड फायनल’च्या नावाखाली कोऱ्या व्हाउचरवर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या जातात. सही करावीच लागली तर तारीख स्वतःच्या हाताने टाका आणि कागदाचा फोटो काढूनच परत द्या.

साठवण्याची शिस्त साधी ठेवा. एका वहीत रोज सहा रकाने: हबवर पोचल्याची वेळ, उचललेली पार्सलं, पोचवलेली, परतीचा माल, किलोमीटर, सुटल्याची वेळ. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्या, वरची वेळ आणि तारीख कापू नका. टीएलचे आदेश ज्या गटावर येतात त्याची चॅट दर रविवारी एक्सपोर्ट करा. कंपनीने दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर यातलं काही ठेवू नका. डिजिटल पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, नोंदवावी लागते, म्हणून मूळ फाइल मूळ फोनमध्येच असू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत कामाची नसते.

एक मोठी चूक टाळा: ग्राहकाचं नाव, पत्ता किंवा फोन दिसणारे फोटो काढू नका, निघालेच तर ती जागा झाका. नाहीतर युनियनचा मुद्दा बाजूला राहतो आणि तुमच्यावर ग्राहकांची माहिती चोरल्याचा आरोप येतो.

माणसं जोडणं

सुरुवात व्हॉट्सॲप गटाने करू नका. पहिल्याच दिवशी कोणीतरी टीएलला स्क्रीनशॉट पाठवतो. आधी कागदावर नकाशा काढा: कोणता हब, किती रूट, प्रत्येक रूटवर कोण, कोणत्या प्रकारचा, कोणाचं कोणाशी पटतं. दर दहा माणसांमागे एक कॅप्टन ठरवा. तो बोलका असलाच पाहिजे असं नाही. ज्याच्याकडून इतर पाचशे रुपये उसने घेतात तो बहुधा योग्य माणूस असतो.

बोलण्याची वेळ संध्याकाळी रोकड जमा केल्यानंतरची. सकाळी सॉर्टिंगच्या घाईत कोणाला ऐकायला वेळ नसतो. जागा हबच्या बाहेरची, चहाची टपरी किंवा पेट्रोल पंप. टीएल आणि हब इन्चार्ज यांना आत घेण्याचा मोह होतो, कारण त्यांना आतली माहिती असते. पण देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त घेणारा माणूस औद्योगिक वादाच्या व्याख्येतला कामगार नसतो, आणि उद्या त्याच्यावर दबाव आला की यादी बाहेर जाते.

हबमधल्या साठ-सत्तर टक्के माणसांच्या सह्या हातात येईपर्यंत उघड बोलू नका, असा आमचा सल्ला आहे. कायदा एवढे मागत नाही. पण वीस टक्क्यांवर नाव फुटलं तर पहिले पाच आयडी बंद होतात आणि उरलेले गप्प बसतात.

नोंदणी

अर्ज करायला किमान सात सभासद लागतात. शिवाय अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले १० टक्के कामगार किंवा १०० कामगार, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद हवेत. हे गणित नीट समजून घ्या, कारण युनियनचं नाव आणि कार्यक्षेत्र यावरून ते बदलतं. एका हबपुरती युनियन काढली आणि तिथे ६० माणसं असतील तर १० टक्के म्हणजे ६, म्हणून किमान सात पुरतात. पूर्ण जिल्ह्यातल्या पार्सल वाहतुकीसाठी काढली तर १०० सभासदांवर काम भागतं, मग उद्योगात माणसं कितीही असोत. हबची युनियन लवकर होते पण हब बंद झाला की संपते, आणि हब हलवणं कंपनीला फारसं जड जात नाही. त्यामुळे शक्य असेल तर शंभर जमवा आणि जिल्ह्याची काढा. नोंदणीनंतरही ही संख्या टिकवावी लागते. खाली घसरली तर नोंदणी रद्द होऊ शकते. शंभरावर थांबू नका, दीडशेवर जा, कारण या कामात माणसं सारखी बदलतात.

पहिल्या सभेत तीन ठराव करा आणि इतिवृत्तावर उपस्थितांच्या सह्या घ्या: युनियन स्थापनेचा, घटना मंजूर केल्याचा, आणि अर्ज करण्याचा अधिकार अमुक सात जणांना दिल्याचा. तिसरा ठराव विसरला म्हणून फाइल परत येणं हा नेहमीचा प्रकार. घटनेत नाव, उद्देश, निधी कशावर खर्च होईल, सभासद यादी कशी ठेवली जाईल, वर्गणी, पदाधिकाऱ्यांची निवड आणि हकालपट्टी, घटना बदलण्याची रीत, हिशोब तपासणी आणि विसर्जन या गोष्टी हव्यात. सभासद होण्याचं किमान वय १४, पदाधिकाऱ्याचं १८.

बाहेरचा माणूस, म्हणजे वकील किंवा जुना कामगार नेता, पदाधिकारी असू शकतो. असंघटित क्षेत्रातल्या युनियनमध्ये किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले हवेत. इतरत्र बाहेरच्यांची मर्यादा एक तृतीयांश किंवा पाच, यातलं कमी ते. आमच्या मते अध्यक्ष बाहेरचा चालेल, सचिव आणि खजिनदार मात्र रूटवरचेच असावेत.

अर्ज कामगार विभागातल्या ट्रेड युनियन निबंधकाकडे जातो. मुंबईत ते काम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनातून चालतं. अर्जाला प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत आणि ठरावांच्या प्रती जोडा. नमुना कोणत्या नियमांखालचा आहे ते खिडकीवर विचारून त्याच दिवशीचा घ्या, इंटरनेटवर १९२६ च्या कायद्याचे जुने फॉर्म अजून फिरत आहेत. पोच घ्या, कारण अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत नोंदणी करायची की नाकारायची हा आदेश निबंधकाने द्यायचा असतो आणि ते दिवस पोचेपासून मोजायचे. अर्जदारांपैकी कोणाच्या कामाचा पुरावा मागितला तर ओळखपत्र, ॲपचा प्रोफाइल आणि सहा महिन्यांचं पासबुक पुढे करा.

प्रमाणपत्र आलं की युनियनच्या नावाने पॅन आणि बँक खातं, दोन सह्यांचं. वर्गणीची पावती प्रत्येक वेळी फाडा. दरवर्षी तपासलेला हिशोब निबंधकाकडे गेलाच पाहिजे. चांगल्या चाललेल्या युनियन बंद पडण्याची सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात सामान्य पद्धत हीच आहे: विवरणपत्र भरायचं राहतं, आणि ऐन वाटाघाटीत समोरचा वकील तेच काढतो.

स्वतंत्र नोंदणी नको असेल तर आधीच्या एखाद्या युनियनमध्ये शिरता येतं. ॲपवर काम करणाऱ्यांच्या ‘इंडियन फेडरेशन ऑफ ॲप-बेस्ड ट्रान्सपोर्ट वर्कर्स’ने २०२१ मध्ये सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, केंद्रीय कामगार संघटनांच्याही गिग कामगारांसाठी शाखा आहेत. वकील आणि कार्यालय आयतं मिळतं. मात्र प्रवासी टॅक्सी, जेवणाची डिलिव्हरी आणि पार्सल यांचे प्रश्न सारखे नसतात, म्हणून आत जाताना पार्सलवाल्यांची वेगळी समिती लेखी मागून घ्या.

मागणीपत्राआधी हिशोब

मागणी ‘दर वाढवा’ एवढीच असली की चर्चा दहा मिनिटांत संपते. आधी तासाची निव्वळ कमाई काढा. समजा एक जण ९५ पार्सलं उचलतो, ८० पोचतात, दर १४ रुपये: १,१२० रुपये. ७० किलोमीटर, गाडी लिटरला ४० देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १८४ रुपये. टायर, ऑइल, विमा, घसारा यांना किलोमीटरमागे दीड रुपया धरा: १०५. फोन आणि डेटा २०. उरले ८११. हबवर पोचल्यापासून रोकड जमा करेपर्यंत ११ तास गेले असतील तर तासाला सुमारे ७४ रुपये. आणि त्या परत आलेल्या १५ पार्सलांसाठी जिने चढले ते फुकट. वीस-पंचवीस जणांच्या वह्यांमधून असा तक्ता काढा आणि त्या भागाच्या किमान वेतनाशेजारी ठेवा. ‘आमचे रायडर भरपूर कमावतात’ या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

मागण्या सात-आठच ठेवा, आणि त्यातल्या निम्म्या पैसे न लागणाऱ्या असू द्या. दर बदलण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना. आयडी बंद करण्याआधी कारण आणि उत्तर द्यायची संधी. दोनदा जाऊनही न स्वीकारलेल्या पार्सलला अर्धा दर. दुचाकीवर वजनाची आणि आकाराची मर्यादा. फ्रिजच्या खोक्याएवढं पार्सल मोटरसायकलवर लादलं जातं ते थांबवणं. हबवर शौचालय आणि पिण्याचं पाणी. अपघातात दवाखान्याचा खर्च.

रोकड कमी भरली म्हणून होणारी कपात हा स्वतंत्र मुद्दा करा, कारण इथे कायदा बराच स्पष्ट आहे. वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी कापायचं तर आधी कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी, आणि एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काम सुटल्यावर सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. ही कलमं वेंडरच्या आणि एजन्सीच्या माणसांना सरळ वापरता येतात. थेट ॲपवाल्यांना आधी दर्जाचा प्रश्न ओलांडावा लागतो.

मागणीपत्र वेंडर आणि कंपनी दोघांच्या नावे, एकाच दिवशी, पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलने पाठवा. फक्त वेंडरला पाठवलं तर कंपनी पुढे म्हणते की आम्हाला काही कल्पनाच नव्हती.

समेट अधिकारी, न्यायाधिकरण आणि २००१ चा खड्डा

उत्तर आलं नाही की कामगार विभागातल्या समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना बसवून तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. समेट साधारण ४५ दिवसांत संपवायची असते. संपाची नोटीस दिलेली असेल तर १४ दिवसांत. तोडगा निघाला नाही तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सरकारने वाद सोपवावा म्हणून वाट पाहत बसण्याची जुनी पायरी आता गेली. एकट्याला काढून टाकलं असेल तरी आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांनी न्यायाधिकरण. काढल्याच्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत.

महाराष्ट्रातल्या वकिलांची सवय मात्र वेगळी आहे. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा राज्याचा १९७१ चा कायदा त्यांच्या हाताशी असतो: ९० दिवसांत तक्रार, अंतरिम आदेश लवकर. कंत्राटी माणसांसाठी त्यात खड्डा आहे. २००१ साली कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-नोकर नातंच वादात असेल तर ते आधी योग्य मंचावर ठरवून घ्या. या कायद्याखालच्या तक्रारीत तो प्रश्न सोडवता येणार नाही. संहितेतही अनुचित प्रथांची यादी आहे, आणि ती वापरतानाही समोरून पहिला आक्षेप हाच येणार. म्हणून दोन वाद वेगळे ठेवा. वेंडरविरुद्धची वेतन, पीएफ, बडतर्फीची तक्रार आज लावा, कारण तिथे नातं मान्य आहे. ‘वेंडर हा मुखवटा, खरा मालक कंपनी’ हा दावा वादाच्या मार्गाने न्यायाधिकरणात न्या. त्याच वर्षीच्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालाने तो रस्ता मोकळा ठेवला आहे: कंत्राट रद्द झालं म्हणून माणसं आपोआप कायम होत नाहीत, पण कंत्राट दिखाऊ असेल तर ती मुख्य मालकाचीच कामगार ठरतात.

संप करायचाच तर

चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि नोटिशीपासून ६० दिवसांच्या आत संप करावा लागतो. समेट चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. निम्म्या किंवा जास्त जणांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपाला कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. चिथावणाऱ्याचा दंड १०,००० ते ५०,०००.

ॲपवाले म्हणतात, आम्ही नोकर नाही तर लॉगआउट करायला नोटीस कशाला? वरकरणी बरोबर. पण उद्या न्यायाधिकरणात ‘आम्ही कामगारच’ असं सांगायचं असेल तर आज कामगारासारखीच नोटीस द्या. दोन्ही तोंडांनी बोललेलं समोरचा वकील नोंदवून ठेवतो.

वेळ उलटी मोजा. मागणीपत्राला पंधरा दिवस, समेटीला दीड महिना, वर सात दिवस. दसरा-दिवाळीच्या सेलवर दबाव हवा असेल तर मागणीपत्र आषाढातच जायला हवं. नवरात्रात जागे झालेल्यांच्या हाती पाडवा उलटल्यावरची तारीख येते, आणि तेव्हा हबमध्ये माणसं जास्त आणि पार्सलं कमी झालेली असतात.

दर्जा ठरेपर्यंत मिळू शकतं ते घ्या

सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हा वेगळा वर्ग आहे. सातव्या अनुसूचीत लॉजिस्टिक सेवा आणि ई-मार्केटप्लेस दोन्ही आहेत. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजना. केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात पात्रतेसाठी आधीच्या आर्थिक वर्षात एका कंपनीत ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांत मिळून १२० दिवस काम अशी अट आहे, तेव्हा ती रोजची वही इथेही लागेल.

ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आधार आणि मोबाइलवर होते. तिथे मिळणारा बारा आकडी यूएएन (खाते क्रमांक) आणि पीएफचा बारा आकडी यूएएन वेगवेगळे; सभासद अर्जावर दोन रकाने करा, नाहीतर घोळ होतो. आणि ई-श्रमवर ‘गिग कामगार’ म्हणून नाव घातल्याने कंपनीचा नोकर असल्याचा दावा सोडावा लागेल अशी भीती वाटत असेल, तर मागणीपत्रात एक ओळ टाका: ही नोंदणी आमच्या इतर हक्कांना बाधा न आणता केली आहे.

हबमध्ये माल चढवणारे-उतरवणारे यांच्याकडेही बघा. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. ज्याला एक कायमचा मालक नाही अशा हमालाची नोंद मंडळाकडे होते, मालक मजुरी आणि वरची लेव्ही, म्हणजे मजुरीवर द्यायची जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि भविष्य निर्वाह, रजा, औषधोपचार तिथून मिळतात. डिलिव्हरीवाल्यांना तो कायदा आज लागू नाही. पण मालक अनेक आणि नातं सैल असताना सुरक्षा कशी द्यायची याचं उत्तर या राज्यात अर्धशतकापूर्वी सापडलेलं आहे, आणि आमदारापुढे बसाल तेव्हा परदेशी उदाहरणं देण्यापेक्षा हे द्या.

करार लिहिताना

तोडगा निघाला की घाईत साध्या कागदावर सह्या होतात आणि तिथेच निम्मं हरवतं. दोघांमध्येच झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सर्वांना बांधतो, सभासद नसलेल्यांना आणि पुढे येणाऱ्या नव्या पोरांनाही. म्हणून हबच्या केबिनमध्ये जमलं तरी सही कामगार कार्यालयातच करा. मुदत लिहा, लिहिली नाही तर सहा महिने धरली जाते. सही तिघांची घ्या: युनियन, वेंडर, कंपनी. आणि वेंडर बदलला तरी माणसं, दर आणि सेवेची सलगता नव्या वेंडरकडे जाईल, हे कलम पहिल्या पानावर घाला. शिक्का मारलेली प्रत प्रत्येक हबच्या कॅप्टनकडे द्या. नवा वेंडर येईल त्या दिवशी, त्याने कोरी व्हाउचरं काढायच्या आधी, ती त्याच्यापुढे ठेवायची आहे.